एकच पूर, पण बातमी कुणाची?

नाशिकच्या एका मराठी दैनिकात मी जिल्हा डेस्कवर उपसंपादक आहे. पावसाळ्यात माझ्या हातून एक वाक्य शेकडो वेळा गेलंय: ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेचा इशारा.’ मध्ये क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती पाणी सोडलं त्याचा, आकडा घालायचा की बातमी तयार. पाटबंधारे खात्याकडून आकडा यायचा, मी तो बसवायचे, पान सुटायचं. हे वाक्य वाचून नदीकाठचा माणूस नेमकं काय करतो, हे मी कित्येक वर्षं कुणाला विचारलंच नव्हतं.

३ ऑगस्ट २०१९ च्या शनिवारी रात्री ऑफिसच्या लँडलाइनवर निफाड तालुक्यातल्या, गोदावरीकाठच्या सायखेड्याहून एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांनी पुरवणीतला नंबर बघून लावला होता. मी घाईत होते. आकडा वाचून दाखवला. ते म्हणाले, “ताई, आकडा टीव्हीवर पण दाखवतात. मी नदीवरची पाण्याची मोटार काढू का नको, तेवढं सांगा.”

मला सांगता आलं नाही. “नदीपासून लांब राहा,” एवढं म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, गोदावरीला तो मोठा पूर आला. सायखेडा आणि चांदोरीला पाण्यानं वेढा घातला, माणसं बाहेर काढावी लागली. नाशिकमध्ये नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला. आमच्या अंकात त्याचे फोटो पानभर गेले आणि तो अंक हातोहात खपला. सायखेड्याला मात्र तो वेळेवर पोचलाच नाही, कारण रस्ताच पाण्याखाली होता.

पाणी ओसरल्यावर मी संपादकांकडून दोन दिवस मागून घेतले आणि तिकडे गेले. घराघरांच्या भिंतींवर गाळाची ओळ उमटली होती, फूटपट्टीनं आखल्यासारखी. सगळीकडे कुजलेल्या चाऱ्याचा वास. फोन करणारे शेतकरी भेटले. बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मोटार गेली होती, स्टार्टर गेला होता, पाइप कुठल्या कुठे वाहून गेले होते.

मोटार काढणं म्हणजे काय, हे त्यांनी मला काठावर उभं करून दाखवलं. आधी वीज बंद. मग केबल सोडायची, पाइपाचे नटबोल्ट काढायचे. मोटार चिखलात रुतलेली असते, ती साखळी-कप्पी लावून वर ओढायची. त्याला तीन-चार माणसं लागतात आणि ट्रॅक्टरही. रात्रीचं हे काम अंधारात, पावसात, घसरड्या उतारावर होतं. पाणी आलं नाही तर सकाळी सगळं पुन्हा जोडायचं, आणि माणसांच्या जेवणाचा, डिझेलचा खर्च अंगावर. म्हणून तो प्रश्न. त्यांना धीर किंवा सावधगिरीचा उपदेश नको होता. संध्याकाळी सात वाजता चार माणसांना हाक मारायची की नाही, हे ठरवण्याइतकी माहिती हवी होती.

मग ते म्हणाले ते मी तिथंच लिहून घेतलं. “गंगापूरचं पाणी आमच्यासाठी अर्धीच गोष्ट आहे. दारणा धरणाचं किती सोडलं ते सांगा. खाली कादवा नदी फुगली का ते सांगा. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला दारं किती उघडली ते सांगा. खालून पाणी पुढं सरकलं नाही तर ते आमच्या घरात येणारच.” या चारही ठिकाणांचे आकडे आमच्याकडे रोज यायचे. पण ते पान तीनवर ‘धरणसाठा’ नावाच्या बारीक टाइपाच्या तक्त्यात जायचे, आणि पहिल्या पानावर फक्त गंगापूर. का, तर आमचं ऑफिस नाशकात आहे आणि गंगापूरचं पाणी रामकुंडावरून वाहतं.

तिथून परत येताना मी एक वही घेतली. तिच्यावर ‘खुणा’ असं लिहिलं.

कल्पना माझी नाही. नाशिककर पूर पिढ्यान्‌पिढ्या असाच मोजत आलेत. रामकुंडाजवळ पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही शहराची पट्टी. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. कमरेला लागलं म्हटलं की जुन्या नाशकातली म्हातारी माणसंही उठून काठीला हात घालतात. पाणी नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं की तो मोठा पूर. १९६९ चा पूर पाहिलेले लोक अजून अशाच खुणांनी बोलतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे मला पाठ आहे. पण माझ्या आईला क्युसेक सांगितला तर ती “हं” म्हणते, आणि मारुतीच्या छातीला लागलं म्हटलं की लगेच भांडी बाजारातल्या मावसभावाला फोन लावते.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात मी शहराच्या पानावर ठरवून मारुतीला मथळ्यात आणलं. खाली चौकटीत आज सोडलेलं पाणी, मारुतीला कुठवर लागलं, भांडी बाजार आणि सराफ बाजारात काय स्थिती, कुठला पूल बंद. परिणाम चांगला झाला. दुकानदार फोन करून वेळ विचारू लागले. मला वाटलं, जमलं.

आठवडाभरात सुरगाण्याच्या वार्ताहराचा फोन आला. तो शांत माणूस आहे, कधी तक्रार करत नाही. “मॅडम, मला दुतोंड्या माहितीय. मी नाशकात शिकलो. पण आमच्या वाचकानं त्याचं काय करायचं? आमचं पाणी गोदावरीत येत नाही. आमची नार-पार गुजरातेत जाते.”

चूक माझीच होती. शहराच्या पानासाठी लिहिलेली बातमी मी डाक आवृत्तीतही तशीच सोडली होती. वृत्तपत्रात काम न केलेल्यांसाठी सांगते: लांबच्या तालुक्यांचा अंक आधी छापला जातो, कारण पार्सलांची गाडी रात्रीच निघावी लागते. म्हणजे सुरगाणा, पेठ, कळवणच्या वाचकाला आधीच शिळी बातमी मिळते, आणि त्या दिवशी ती बातमी त्याची नव्हतीच. त्याच्या तालुक्यात धो धो पाऊस पडत होता, आणि त्याच्या अंकावर नाशिकचा मारुती.

मी विचारलं, मग काय हवं? त्यानं एका दमात सांगितलं. कोणत्या फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेलंय. एसटी कुठल्या फाट्यापर्यंत येते. आश्रमशाळेतली पोरं घरी सोडली का ठेवून घेतली. आवणी झालेल्या खाचरांचे बांध कुठे फुटले. बाळंतपणाची बाई अडली तर गाडी कुठून येईल. यातलं काहीच सरकारी प्रेसनोटमध्ये नसतं. ते मिळवायचं तर एसटीच्या वाहकाला, आशाताईंना, आश्रमशाळेच्या अधीक्षकांना रोज फोन करावा लागतो. त्यानं ते सुरू केलं. मी त्याच्यासाठी डाक आवृत्तीत रोज बारा ओळींची जागा राखून ठेवली. बारा ओळी म्हणजे काहीच नाही, पण त्या मिळवायला मला जाहिरात विभागाशी दोनदा भांडावं लागलं.

बातमी रंजक करा, असं आम्हाला बैठकीत सारखं सांगितलं जातं. त्यातून मथळ्यात उद्गारचिन्हं येतात, ‘थरार’ आणि ‘हाहाकार’ येतात. माझा अनुभव वेगळा आहे. त्या बारा ओळींत एकही जोरदार शब्द नव्हता. ‘अमुक फरशीवर पाणी, एसटी फाट्यापर्यंतच’ इतकं कोरडं. तरी ते कात्रण चहाच्या टपरीवर चिकटवलेलं मी स्वतः पाहिलंय. माणूस स्वतःच्या रस्त्याचं नाव छापलेलं पाहतो तेव्हा वाचायला थांबतो.

नांदगावचा धडा आणखी कडू होता. क्युसेक समजावून सांगायला मी एक हिशेब केला होता: दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर. हिशेब बरोबर होता, मला तो आवडलाही होता. तो छापून आला त्या दिवशी नांदगावच्या वार्ताहराचा निरोप आला: “इकडे अजून टँकर चालू आहेत, दोन दिवसांआड. वाचून लोक गप्प झाले.” एकाच जिल्ह्यात इगतपुरीला पावसानं भिंती पडतात आणि नांदगाव-येवल्याला ऑगस्टमध्ये हंडे रांगेत असतात. ही तुलना मी पुन्हा वापरली नाही.

पैठणची मावशी हा माझा चौथा वाचक. ती आमचा पेपर वाचत नाही, मला फोन करते. मराठवाड्यात कुणाचा नातेवाईक नाशकात असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये “तिकडं पाऊस कसाय?” हा प्रश्न ठरलेला. २०१९ च्या जूनमध्ये पैठणचं जायकवाडी धरण मृतसाठ्याच्याही खाली गेलं होतं. मराठवाड्यात धड पाऊस नव्हता, आणि आमच्याकडचा पूर जायकवाडीच्या जलाशयात, नाथसागरात जाऊन ऑगस्टमध्ये ते धरण भरत आलं. मी सायखेड्याच्या भिंतींवरचा गाळ बघून आले त्याच संध्याकाळी मावशी फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली, “पोरी, दर्शनाला जातो तसे लोक धरणावर पाणी बघायला जातायत.” दोन्ही खरं होतं. त्याच पाण्याबद्दल होतं.

तेव्हापासून आमच्या पुराच्या बातमीत शेवटचा परिच्छेद जायकवाडीचा असतो. नाशिकच्या वाचकाला तो का द्यायचा, असं एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. कारण ऑक्टोबरमध्ये जायकवाडी ठरलेल्या टक्क्यांच्या (२०२३ मध्ये ६५) खाली राहिलं तर समन्यायी वाटपात, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाणी न्याय्य वाटण्याच्या नियमानं, नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. २०२३ मध्ये तसंच झालं, ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. मग इकडे मोर्चे, तिकडे मोर्चे. ऑगस्टमध्ये नाथसागरात किती गेलं हे ज्यानं वाचलेलं नसतं त्याला नोव्हेंबरातलं भांडण आभाळातून पडल्यासारखं वाटतं. आणि पाण्याच्या भांडणात पलीकडचा माणूस दिसला नाही की ते भांडण फार लवकर वाईट वळणावर जातं, हे मी दोन्हीकडच्या सभांमध्ये उभी राहून ऐकलंय.

आता त्या वहीकडे येते. निफाडच्या आमच्या वार्ताहरानं आणि मी नदीकाठची गावं वाटून घेतली. प्रत्येक गावात जुन्या माणसांना एकच विचारायचं: पाणी वाढतं तेव्हा तुम्ही कशाकडे बघता? कुणी म्हणालं देवळाची पायरी, कुणी स्मशानाचा ओटा, कुणी वडाची पारंबी. चांदोरीत नदीपात्रातल्या देवळांच्या खुणा मिळाल्या, सायखेड्यात पुलाच्या. मग मागच्या पुरांच्या तारखा घेऊन त्या दिवशी वरून किती पाणी सोडलं होतं ते सरकारी नोंदींतून शोधायचं आणि खुणेसमोर लिहायचं. हे काम दोन पावसाळे चाललं. त्यात चमकदार काही नव्हतं. रविवारची पुरवणी लावून झाली की मी वही उघडून बसायचे.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. विसर्ग संध्याकाळी वाढतो, पेपर सकाळी येतो. मोटार रात्री काढायची असते. तेव्हा गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वार्ताहरानं चार ओळींचा निरोप टाकायचा असं ठरवलं. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ, कारण दरवर्षी जुन्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात आणि लोक हबकतात. दुसऱ्या ओळीत चारही ठिकाणचे आकडे. तिसऱ्या ओळीत वहीतली खूण: मागे एवढ्या पाण्याला तुमच्या गावात कुठवर लागलं होतं. चौथ्या ओळीत पूर नियंत्रण कक्षाचा नंबर. सोबत तेच आवाजात बोललेलं अर्ध्या मिनिटाचं, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांचीही गुरं गोठ्यात बांधलेली असतात. वार्ताहरानं ते गावच्या बोलीत बोलायचं. माझा आवाज एकदा वापरला तर एक आजी त्याला म्हणाल्या, “ही बातम्यांतली बाई आहे, तू बोल.”

संपादकांना भीती होती. उद्या पाणी आलं नाही तर लोक आपल्याला बोल लावतील, आणि आलं तर प्रशासन म्हणेल तुम्ही घबराट पसरवली. ती भीती रास्त होती. म्हणून मोटार काढा किंवा काढू नका असं आम्ही लिहीत नाही. मागे काय झालं होतं ते सांगतो, निर्णय शेतकऱ्याचा.

तरी चूक झालीच. २०२२ च्या जुलैत गोदेला पुन्हा मोठं पाणी आलं. वहीतल्या नोंदीप्रमाणे एका गावात पाणी खुणेच्या खाली राहायला हवं होतं. ते वर गेलं. एकानं आमचा निरोप ऐकून मोटार राहू दिली होती, ती बुडाली. दुसऱ्या दिवशी वार्ताहर बघून आला. पुलाच्या गाळ्यांत पाणवेली येऊन अडकल्या होत्या, पाणी तुंबलं होतं. माझ्या वहीत नदी होती, पाणवेली नव्हत्या. मी त्या शेतकऱ्यांना भेटायला गेले. माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “आता पाणवेलीचं पण लिहीत जा.” त्या वर्षापासून निरोपात पाचवी ओळ आली: पुलाखालचा प्रवाह मोकळा आहे की अडलाय. ती ओळ कुणीतरी प्रत्यक्ष पुलावर जाऊन बघितल्याशिवाय लिहायची नाही, हा नियम.

पूर ओसरल्यावरची बातमी हा वेगळाच प्रांत आहे. ‘पंचनाम्यांना वेग’ असा मथळा आम्ही पूर्वी बिनदिक्कत द्यायचो. वेग आहे की नाही हे सांगणारा अधिकारी असायचा. पण भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी गाळातून काढणारे एक दुकानदार मला म्हणाले होते, “दुकान भाड्याचं आहे. पंचनामा मालकाच्या नावानं की माझ्या?” निफाडमध्ये वाट्यानं जमीन करणाऱ्या बाईंनी वेगळ्या शब्दांत तेच विचारलं, “सातबारा दुसऱ्याचा, कांद्याचं रोप माझं. माझं नाव कुठं लावू?” पंचनाम्याच्या बातमीत या दोन माणसांना जागा हवी, असं मी डेस्कवर बोलले. एका पुरानंतर पाहणी दौऱ्याचा फोटो लहान करून आम्ही प्रश्न-उत्तरांची मोठी चौकट लावली: तलाठी येईपर्यंत काय हलवायचं नाही, फोटो कसे काढून ठेवायचे, कोणते कागद, भाडेकरूनं काय दाखवायचं. उत्तरं तहसील कार्यालयातून लेखी घेतली. वाटेकऱ्याच्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही. तेही आम्ही तसंच छापलं: ‘या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर कार्यालयाकडे नाही.’ त्या ओळीवरून मला वरून विचारणा झाली. ओळ खरी होती, मी ती मागे घेतली नाही.

सुरगाण्याचं एक सांगायचं राहिलं. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली आणि एकदम राज्यभरचे कॅमेरे तिकडे धावले. शहरातल्या वाचकाला तो अस्मितेचा प्रश्न वाटला. आमच्या वार्ताहराकडे तोवर आधीच्या पावसाळ्यांच्या बारा-बारा ओळी साठल्या होत्या: कुठली फरशी किती दिवस पाण्याखाली, एसटी किती दिवस फाट्यावरून परतली, कोण दवाखान्यासाठी सीमा ओलांडून गेलं. त्या ओळी एकापुढे एक लावल्या आणि मागणीची गोष्ट आपोआप लिहून झाली. शहर आवृत्तीत ती पहिल्या पानावर घ्यावी म्हणून मी हट्ट धरला. नाशकातल्या वाचकाला आपल्याच जिल्ह्यातला तो रस्ता दिसावा, एवढंच माझं म्हणणं होतं. घेतली, पानाच्या घडीच्या खाली का होईना.

वही आता तिसरी चालू आहे. मागच्या पावसाळ्यात चांदोरीला गेले तेव्हा एका आजींच्या ओट्यावर बसले होते. खुणा विचारल्या. त्यांनी पुलाचं, देवळाचं काही सांगितलं नाही. घराच्या मागच्या दाराकडे नेलं. तिथं पायऱ्या नदीकडे उतरतात. “दुसऱ्या पायरीला पाणी लागलं की मी पीठ माळ्यावर ठेवते. तिसरीला लागलं की गाय सोडते. चौथीची वाट बघत नाही.”

पायऱ्या वरून मोजायच्या की खालून, ते मी विचारून घेतलं. खालून.